सेमिनरीचा खर्च कसा झेपवायचा आणि गावातल्या सेवेसाठी उमेदवार कसा तयार करायचा?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यात, गंगाखेड-सोनपेठ भागात तुमची चाळीसेक कुटुंबांची मंडळी आहे आणि निम्मी घरं मजुरीवर चालतात. तिघांना सेवेचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, आहे असं मंडळीलाही वाटतं: बारावी झालेला १९ वर्षांचा मुलगा, हंगामात ऊसतोडीला जाणारा ३१ वर्षांचा विवाहित भाऊ आणि बी.ए. झालेली एक मुलगी. पुण्याच्या सेमिनरीचा, म्हणजे पाळक (पास्टर) तयार करणाऱ्या धर्मशिक्षण संस्थेचा, खर्च मंडळीला झेपत नाही. त्यातच कोणीतरी ‘घरबसल्या आठ महिन्यांत थिऑलॉजीची डिग्री’ अशी जाहिरात पाठवली आहे. ती घ्यावी का, आणि नाही तर पैसे आणायचे कुठून?

मला यातली खरी अडचण फीची वाटत नाही. चार वर्षांनी ही माणसं कर्जाशिवाय, घर सावरून आणि तुमच्याच भागात काम करण्याजोगी होऊन परत येतील का, हा खरा प्रश्न आहे. फी कमी असून यातलं काहीच साधलं नाही तर ते शिक्षण महागच पडलं.

आधी हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी धरले आहेत, खरे आकडे संस्थेकडून लेखी मागवा. समजा, निवासी सेमिनरीत शिकवणी, वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला ७०,००० रुपये लागतात. प्रवास, पुस्तकं, परीक्षा फी, कपडे, रिचार्ज, दवाखाना यांचे आणखी २०,०००. चार वर्षांचे झाले ३,६०,०००. आता दुसरी बाजू बघा. हा मुलगा घरी राहिला असता तर ४०० रुपये रोजाने महिन्याला २० दिवस आणि वर्षातले १० महिने काम धरलं, तरी वर्षाला ८०,००० रुपये घरात आले असते. चार वर्षांचे ३,२०,०००. म्हणजे घराच्या दृष्टीने हे शिक्षण ६,८०,००० रुपयांचं आहे. कोणी उदार मनाने संपूर्ण फी आणि मेस भरली तरी निम्म्याहून जास्त भार घरावर राहतोच. पूर्ण स्कॉलरशिप मिळालेली मुलंही दुसऱ्या वर्षी बॅग भरून परत येतात ती यामुळे. बहिणीचं लग्न ठरतं, वडिलांचं दुखणं निघतं, सोयाबीन पाण्यात जातं, आणि घरातून फोन येतो.

परत आल्यावरचा हिशेबही आत्ताच करा. समजा मंडळी पाळकाला महिन्याला १२,००० देऊ शकते. शिक्षणासाठी सावकाराकडून एक लाख उचलले असतील आणि दर शेकडा तीन असेल, तर महिन्याचं नुसतं व्याज ३,००० होतं. पगाराचा चौथा हिस्सा व्याजात गेला आणि मुद्दल जागच्या जागी. असा पाळक मनाने कितीही चांगला असला तरी त्याचं लक्ष शहरातल्या मोठ्या मंडळीकडे लागतं, किंवा कोणाला फोटो पाठवले तर पैसे येतील याकडे लागतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही, कर्ज माणसाला ओढत नेतंच. म्हणून एक नियम मंडळीच्या ठरावातच लिहून टाका: उमेदवाराच्या शिक्षणासाठी व्याजाचा पैसा घ्यायचा नाही, ना सावकाराचा, ना बचत गटाचा. बँका शैक्षणिक कर्ज देताना अभ्यासक्रमाची मान्यता आणि पुढची कमाई बघतात, आणि पाळकाच्या मानधनातून हप्ता फेडणं अवघडच आहे. मौलाना आझाद अल्पसंख्याक महामंडळाचं शैक्षणिक कर्ज व्यावसायिक आणि तांत्रिक शिक्षणासाठी असतं. उमेदवाराच्या धाकट्या बहिणीला नर्सिंगला जायचं असेल तर तिथे जरूर चौकशी करा, घराचा भार तेवढाच कमी होईल.

आता पदवीचं. कोणती पदवी हवी हे सर्वस्वी तुमच्या चर्चवर अवलंबून आहे. तुम्ही सीएनआयचे (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) असाल, मेथडिस्ट असाल तर दीक्षेसाठी, म्हणजे पाळक म्हणून अधिकृत नेमणुकीसाठी, कोणतं शिक्षण धरलं जातं याचे नियम ठरलेले असतात आणि ते बिशपच्या ऑफिसातून लेखी मिळतात. स्वतंत्र मंडळी असाल तर निर्णय तुमच्याच वडीलमंडळाचा. हे उत्तर हातात आल्याशिवाय कुठल्याही संस्थेचा फॉर्म भरू नका.

प्रॉटेस्टंट चर्चेसमध्ये सर्वांत जास्त चालते ती सिरामपूर सिनेटची, म्हणजे बंगालमधल्या सिरामपूर कॉलेजच्या पदव्या देणाऱ्या मंडळाची, पदवी. कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ साली सिरामपूर कॉलेज काढलं. पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८२७ च्या डॅनिश राजाच्या सनदेने मिळाला आणि पुढे १९१८ च्या सिरामपूर कॉलेज कायद्याने तो पक्का झाला. बी.टीएच. आणि बी.डी. या धर्मशिक्षणाच्या पदव्या. बी.टीएच.ला बारावीनंतर प्रवेश मिळतो, बी.डी.ला आधी कुठली तरी पदवी लागते. काही संस्था आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता घेतात, तीही अनेक ठिकाणी चालते. पुण्यात बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. ती १९८३ मध्ये यवतमाळहून पुण्याला आली आणि तिथलं शिक्षण इंग्रजीतून होतं. पुण्यातच युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरी आहे, तिची मुळं १८७८ साली अहमदनगरला सुरू झालेल्या सेमिनरीत आहेत आणि मराठीतून शिकवण्याची परंपरा तिच्याकडे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलाला पहिल्याच वर्षी इंग्रजी ग्रंथांपुढे बसवलं की तो पाठांतराने पास होतो. पण त्याला विचार करायला शिकायला मिळत नाही. इंग्रजी वाचता आलंच पाहिजे, ते दोन वर्षांत सावकाश येतं. पहिलं शिक्षण मात्र मराठीतून झालेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जाहिरातीतल्या डिग्रीबद्दल चार गोष्टी विचारा. पदवी कोण देतं आणि कोणत्या अधिकाराने? सिनेटच्या किंवा असोसिएशनच्या यादीत संस्थेचं नाव आहे का? शिकवणारे कोण, त्यांची नावं आणि शिक्षण काय? प्रत्यक्ष सेवाकार्याला गुण आहेत का, आणि ते तपासतं कोण? उत्तराऐवजी ‘आज पैसे भरा, सवलत आहे’ असं आलं तर विषय तिथेच सोडा. बायबलचा अभ्यास म्हणून दोन-तीन हजारांचा एखादा चांगला ऑनलाइन कोर्स करायला हरकत नाही. पण तो अभ्यास झाला. त्याला दीक्षेची तयारी समजू नका. आणि पैसे घेऊन ‘डॉक्टर’ लावून देणाऱ्यांच्या वाटेला तर जाऊच नका. त्या पदवीमुळे पाळकाचा मान वाढत नाही, मंडळीचा विश्वास मात्र जातो.

तुमच्यासारख्या मंडळीने काय करावं? आधी दोन वर्षं घरी राहून शिक्षण, मग गरज असेल त्यालाच सेमिनरी. ही कल्पना नवी नाही. ग्वाटेमालातल्या प्रेस्बिटेरियन सेमिनरीने १९६३ च्या सुमारास हा मार्ग काढला. गावातले खरे पुढारी घर-शेती सोडून राजधानीत येऊ शकत नव्हते, म्हणून शिक्षणच गावांकडे नेलं. भारतात १९७१ पासून बंगळुरूची टाफ्टी ही संस्था याच पद्धतीने, म्हणजे विस्तार पद्धतीने, काम करते. सिरामपूर सिनेटचेही बाहेरून करण्याचे ख्रिस्ती अभ्यासाचे डिप्लोमा आणि पदवी अभ्यासक्रम आहेत. ते मुख्यतः नोकरी-धंदा करणाऱ्या विश्वासूंसाठी असतात, दीक्षेला धरतात का हे पुन्हा तुमच्या चर्चला विचारा.

या पद्धतीचे तीन पाय आहेत: घरचा अभ्यास, गटाची बैठक आणि मंडळीतलं काम. एक जरी पाय लंगडा झाला तरी सगळं कोसळतं, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो.

घरचा अभ्यास आठवड्यातले पाच दिवस, रोज एक तास. पाठाची वही असते, थोडं वाचायचं आणि लगेच प्रश्नाचं उत्तर लिहायचं. इथे होणारी नेहमीची गडबड म्हणजे शनिवारी रात्री दुसऱ्याची वही समोर ठेवून उतरवणं. उपाय सोपा आहे. बैठकीत वही तपासण्यात वेळ घालवू नका. त्या पाठातला एक प्रश्न गावातल्या प्रसंगाशी जोडून तोंडी विचारा. ज्याने वाचलंय तो अडखळत का होईना बोलतो, उतरवलेला गप्प बसतो.

गट सहा ते दहा जणांचा हवा. तुमचे तिघं आणि शेजारच्या दोन-तीन मंडळ्यांचे मिळून होईल. चारपेक्षा कमी असले तर चर्चा मरते, बारापेक्षा जास्त झाले तर भाषण सुरू होतं. बैठक दोन ते अडीच तासांची: अर्धा तास मागच्या आठवड्यातलं काम, एक तास पाठावर चर्चा, अर्धा तास एकाचा छोटा उपदेश आणि त्यावर सगळ्यांचं मत, उरलेला वेळ प्रार्थना. शिकवणाऱ्याचं काम विचारण्याचं असतं, आणि सर्वांत जास्त बिघाड इथेच होतो. चांगला वक्ता असलेला पाळक गटाला तासभर उपदेश देतो, सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि कोणी काही शिकत नाही. त्यापेक्षा निवृत्त शिक्षक किंवा शिक्षिका बरी. त्यांना दर बैठकीचं जाण्यायेण्याचं भाडं आणि थोडं मानधन द्या, समजा ३०० रुपये. महिन्याला चार बैठकांचे १,२०० होतात. फुकट काम करणारा मार्गदर्शक सहा महिन्यांनी येईनासा होतो, त्याच्याकडे भाड्याला पैसे नसतात एवढंच कारण असतं.

बैठकांचं वेळापत्रक शेतीच्या वेळापत्रकावर बसवा. जूनमध्ये पेरणी, सप्टेंबर-ऑक्टोबरला सोयाबीनची काढणी, मग कापूस वेचणी. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलला परततात. तुमचा ३१ वर्षांचा भाऊ मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेऊन कोयत्यावर गेला तर पाच महिने तो तुमच्या गटात नसेल. त्याला अभ्यासातून काढू नका. पाठ आवाजात रेकॉर्ड करून मेमरी कार्डावर द्या, कारण फडावर चार्जिंग आणि रेंज दोन्हीची मारामार असते. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा, ऑगस्ट असे दाट अभ्यासाचे महिने ठेवा. उन्हाळ्यात सात-आठ दिवसांचं एक निवासी शिबिर जोडा. शाळेची किंवा चर्चची इमारत, आणि जेवण मंडळीतल्या घरांकडून.

आणि खरं म्हणजे त्या भावाचं फडावर जाणं ही त्याची सेवेची तयारीच आहे. तुमच्या मंडळीतली काही कुटुंबं नाताळ गावात करत नाहीत, कारखान्याच्या गळीत हंगामात, कोपीत करतात. त्यांच्यात राहून संध्याकाळी प्रार्थना घेणारा, मुलांना वाचायला बसवणारा, आजाऱ्याला सरकारी दवाखान्यात नेणारा माणूस त्यांना मिळाला तर ती मंडळी पाच महिने विखुरलेली राहत नाही. हे काम चार वर्षं पुण्यात राहिलेल्याला परत आल्यावर नव्याने शिकावं लागतं.

आता तिघांचं वेगवेगळं बोलू.

१९ वर्षांच्या मुलाला लगेच पाठवू नका. दोन वर्षं गटात शिकू द्या, सोबत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. सुरू करू द्या किंवा आयटीआयचा एखादा ट्रेड करू द्या. या दोन वर्षांत तो संडे स्कूल नियमित घेतो का, म्हाताऱ्यांना भेटायला जातो का, पैशाचा हिशेब चोख देतो का, हे मंडळीला दिसेल. पाचारण पारखायला यापेक्षा चांगली जागा नाही. दोन वर्षांनी मन ठाम असेल तर सेमिनरीत घाला. तोवर निधीही जमलेला असेल. मन बदललं तर मंडळीला एक जाणता संडे स्कूल शिक्षक मिळाला आणि कोणाचे पैसे बुडाले नाहीत.

३१ वर्षांच्या भावाला निवासी सेमिनरी नको. घरात बायको-मुलं, डोक्यावर मुकादमाची उचल असताना चार वर्षं बाहेर राहणं म्हणजे घर मोडणं. त्याच्यासाठी विस्तार पद्धतीचा पूर्ण अभ्यासक्रम आणि एक जोडधंदा. प्रेषित पौल करिंथमध्ये पोटासाठी तंबू करायचा हे बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या १८ व्या अध्यायात आहेच. धंदा निवडताना दोन गोष्टी बघा: रविवार मोकळा राहावा आणि मयतीची खबर आली तर काम अर्ध्यात ठेवून उठता यावं. शेळीपालन, शिलाई, मोटार रिवाइंडिंग, पिठाची गिरणी चालतं. विमा एजंट, भिशी, साखळी पद्धतीची विक्री अजिबात नको. त्यात गिऱ्हाईक मंडळीतलंच असतं आणि पाळक दारात आला की लोकांना वाटतं काही विकायला आला. पहिलं काम मात्र त्याची उचल फेडण्याचं. ती अंगावर असेपर्यंत तो स्वतःच्या वेळेचा मालक नाही.

मुलीचा विचार तुमच्या पत्रात शेवटी एका ओळीत आला आहे, तो मी आधी केला असता. बी.ए. झाल्यामुळे ती सरळ बी.डी.ला पात्र ठरू शकते. तिघांत तिचा मार्ग सर्वांत मोकळा आहे. तुमच्या चर्चमध्ये स्त्रियांना दीक्षा आहे का ते विचारा. सीएनआयमध्ये आहे. नसेल तरी महिला मंडळ, दवाखान्यातली सेवा, वसतिगृहाची जबाबदारी यांसाठी शिकलेली स्त्री हवीच असते. मराठी मुलखात घरोघर सुवार्ता नेली ती बायबल बायांनी, म्हणजे बायकांना बायबल वाचून शिकवणाऱ्या स्त्रियांनी, आणि त्यांच्या शिक्षणावर कोणी फारसा खर्च केला नाही. सेमिनऱ्यांकडे स्त्री उमेदवारांसाठी वेगळी मदत आहे का, हे अर्ज करतानाच विचारा. सुट्टीत गावी येताना एसटीचं तिकीट तिला अर्ध्यात पडेल, ती सवलत मार्च २०२३ पासून सगळ्या स्त्रियांना आहे. लग्नाचं काय, हा प्रश्न घरचे विचारतील. त्याचं उत्तर मंडळीने द्यायचं नाही, तिचं ऐकून घरच्यांशी बोलायचं.

म्हणजे एकाच वेळी तिघांचा नव्हे, फक्त एकीचा सेमिनरीचा खर्च उभा करायचा आहे. आता तो आवाक्यात येतो.

खर्चाचे तीन वाटे करा. एक सेमिनरीच्या स्कॉलरशिपमधून किंवा धर्मप्रांताकडून, एक तुमच्या मंडळीकडून, एक शेजारच्या मंडळ्या आणि नोकरीला शहरात गेलेल्या तुमच्याच लोकांकडून. घरच्यांकडून पैसा घेऊ नका, पण काहीतरी वाटा असू द्या, वर्षाचं धान्य किंवा येण्याजाण्याचं भाडं. वर धरलेल्या आकड्याने वर्षाला ९०,००० लागत असतील तर तुमचा वाटा ३०,०००, महिन्याला २,५००. चाळीस कुटुंबांत तो असा बसतो: ज्यांना नियमित पगार आहे अशी दहा घरं महिन्याला १०० रुपये, झाले १,०००. उरलेल्या तीस घरांत मुष्टिफंड. भाकरीचं पीठ दळायला ज्वारी काढताना सकाळ-संध्याकाळ एकेक मूठ बाजूच्या डब्यात टाकायची. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरली तर महिन्याला घरटी तीन किलो. तीसपैकी वीस घरांनी नेमाने केलं तरी ६० किलो, ३० रुपये भावाने १,८००. झाले २,८००. मिझोरामच्या चर्चमध्ये बायकांनी १९१० पासून अशीच मूठभर तांदळाची प्रथा धरून ठेवली आणि त्यातून फार मोठं काम उभं राहिलं.

मुष्टिफंड बुडतो तो बहुतेक साठवणीत. डबा महिन्याच्या महिन्याला गोळा झाला नाही तर पावसाळ्यात धान्याला सोंडे लागतात, आणि एकदा किडकं धान्य टाकावं लागलं की बायका मूठ काढणं सोडतात. पहिल्या रविवारी डबे आणायचे, सगळ्यांसमोर मोजायचे, वाळवायचे आणि त्याच आठवड्यात मोंढ्यात विकायचे. पट्टी चर्चच्या फळ्यावर लावायची. टोळीवर गेलेल्या घरांना त्या महिन्यांत सूट द्यायची, त्यांची थकबाकी काढायची नाही. हंगामाच्या सणाचं अर्पण याच निधीत टाकलं तर वर्षाची तूट भरून निघते.

निधीचं खातं मंडळीच्या ट्रस्टच्या नावाने, दोन सह्यांचं, त्यातली एक बाईची. पाळकाच्या किंवा सेक्रेटरीच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही नको. फी सेमिनरीच्या खात्यात थेट भरा, विद्यार्थिनीच्या हातात फक्त खर्चीचे पैसे. विश्वस्त बदलले असतील तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. तो वर्षानुवर्षं दिलेला नसतो आणि मग बँक खातंच उघडत नाही. परदेशी मदतीच्या भरवशावर राहू नका. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी घेणारी संस्था तो दुसऱ्या संस्थेला वाटू शकत नाही. पूर्वी एखादी मोठी संस्था पैसे घेऊन लहान मंडळ्यांच्या उमेदवारांना द्यायची, तो रस्ता बंद झाला. ‘तुमच्या खात्यात पाठवतो, तुम्ही वाटा’ असं कोणी म्हणालं तर नम्रपणे नको म्हणा.

विद्यार्थिनीशी लेखी करार जरूर करा, पण माणुसकीचा. दिलेली रक्कम बिनव्याजी आगाऊ समजायची. परत येऊन सेवेचं एक वर्ष झालं की तिसरा हिस्सा माफ, तीन वर्षांत सगळं माफ. मध्येच सोडलं तर जमेल तशा हप्त्यांनी परत. आजारपण किंवा घरचं संकट असेल तर काहीच मागायचं नाही. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो, तो करू नका. त्याने माणूस थांबतो, पण सेवा करत नाही.

उरला तयारीचा भाग. सेमिनरी ग्रंथ शिकवते, चर्चचा इतिहास शिकवते, ग्रीक-हिब्रूची ओळख करून देते. हे सगळं हवं. पण मराठवाड्यात पाळकाला पहिल्या सहा महिन्यांत ज्याला तोंड द्यावं लागतं त्यातलं बरंच तिथे शिकवलं जात नाही. ते सुट्ट्यांमध्ये आणि गटात तुम्ही शिकवायचं.

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्या घरी जाऊन काय बोलायचं नाही, हे आधी शिकवा. पाप-पुण्याची चर्चा त्या ओट्यावर नको. बसायचं, रडू द्यायचं, तेराव्यानंतरही जात राहायचं. शेजारपाजारचे पै-पाहुणे तोवर निघून गेलेले असतात. आणि हेही माहीत हवं की पात्र प्रकरणात सरकारकडून एक लाखाची मदत असते, त्यासाठी तहसीलची चौकशी होते आणि पोलीस पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, कर्जाची कागदं लागतात. विधवा बाईबरोबर तहसीलमध्ये जाऊन बसणं ही पाळकाची सेवाच आहे.

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना औषध बंद करा असं कधीही म्हणू नये, हे नियम म्हणून पाठ करून घ्या. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावल्यावर उपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. कायदा नसता तरी माणूस मेला असता, हे जास्त महत्त्वाचं. आधी गाडी करून दवाखाना, गाडीत प्रार्थना.

लग्नाची कागदपत्रं चुकली की त्या जोडप्याला पुढे पासपोर्ट, वारसा, पेन्शन सगळीकडे अडतं. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायला त्या व्यक्तीला अधिकार हवा, साक्षीदार दोन हवेत, साधारणपणे सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत विधी व्हायला हवा आणि रजिस्टरात नोंद तिथल्या तिथे व्हायला हवी. वयाचा पुरावा शाळेच्या दाखल्यावरून घ्या, घरच्यांच्या शब्दावर नको. मराठवाड्यात बालविवाहाचं प्रमाण पाहता पाळकाला नाही म्हणायचं धैर्य लागतं, आणि ते आधीपासून मनात ठरवलेलं असावं लागतं. संडे स्कूल घेणाऱ्या प्रत्येकाला पोक्सो कायद्याची माहिती द्या. मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीत मिटवता येत नाही.

उपदेशाबद्दल एक आग्रह. आपल्या लोकांचा कान ओवी-अभंगावर घडलेला आहे. ज्ञानेश्वरांचं आपेगाव, एकनाथांचं पैठण, नामदेवांचं नरसी आणि जनाबाईंचं तुमचंच गंगाखेड, सगळं याच मातीत. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगात गायली ती लोकांच्या ओठावर राहिली. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी शेवटची वर्षं खर्ची घातली, त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते १९२४ साली छापून पूर्ण झालं. म्हणून सेमिनरीतून आल्यावर इंग्रजी पुस्तकातून भाषांतर केलेला उपदेश आम्ही गटात चालवून घेत नाही. एका उताऱ्यावर १२ मिनिटं, एकच मुद्दा, आणि शेतावरच्या बाईला संध्याकाळी सांगता आला पाहिजे. प्रत्येकाने वर्षातून एक तरी ख्रिस्ती कीर्तन उभं राहून करावं, हेही ठेवा.

पुस्तकांवर पैसे उडवू नका. मराठी बायबलची दोन वेगवेगळी भाषांतरं, एक शब्दसूची, एक बायबल कोश, चर्चच्या इतिहासाचं एक पुस्तक आणि उपासनेची पोथी एवढं गटाच्या एका पेटीत असावं. पेटी दर महिन्याला मंडळी बदलते. इंग्रजी वाचता येणाऱ्याला ‘स्टेप बायबल’ हे मोफत साधन पुरे, ते इंटरनेटशिवायही चालतं.

शेवटचं म्हणजे देखरेख. प्रत्येक उमेदवारामागे एक अनुभवी पाळक आणि मंडळीतली एक वडीलधारी बाई नेमा. महिन्यातून एकदा दोघांनी तासभर बसून तीनच गोष्टी विचारायच्या: या महिन्यात कोणाला भेटलीस, कुठे अडलीस, घरचं कसं चाललंय. उत्तरं वहीत तारखेसह लिहायची. सेमिनरी शिफारसपत्र मागते तेव्हा ही वहीच सगळं सांगते, आठवणीवर लिहायची वेळ येत नाही.

या महिन्यात तुम्ही एवढं करा. बिशपच्या ऑफिसला दीक्षेच्या नियमांबद्दल पत्र टाका. दोन्ही सेमिनऱ्यांना विचारा: एकूण वार्षिक खर्च, मराठीतून शिकायची आणि परीक्षा द्यायची सोय, कामाच्या बदल्यात फीसवलत, स्त्री उमेदवारांसाठी मदत आणि अर्जाची शेवटची तारीख. ३१ वर्षांच्या भावाशी एकांतात बसून उचल किती शिल्लक आहे ते विचारा, खरा आकडा लोक सभेत सांगत नाहीत. आणि वीस घरांत वीस डबे ठेवून या. उत्तरं आली की इथेच लिहा, त्या आकड्यांवरून पुढचं वर्ष बसवू.